घडीचा चाकू आणि घरची दुरुस्ती

(वार्षिक ज्ञातिसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संमेलनाच्या व्यासपीठावरून शिक्षण, विवाह, वसतिगृह, शिष्यवृत्ती अशा थोर विषयांवर भाषणे होत असतात आणि ती व्हावयासच हवीत. आज आम्ही मात्र आपणांसमोर वीतभरही लांबी नसलेली एक वस्तू घेऊन उभे आहोत. ती वस्तू म्हणजे खिशात मिटून ठेवावयाचा घडीचा चाकू. विषय लहान आहे खरा. परंतु त्याच्या पोटी एक मोठा प्रश्न दडलेला आहे. घरातील झिजलेली वस्तू आपल्या हाताने नीट करण्याची इच्छा आणि शक्ती आपल्या घरांतून का ओसरत चालली, हा तो प्रश्न होय. लेखणीवर निर्वाह करणारी घरे आपल्या ज्ञातीत पुष्कळ असल्यामुळे तो आपणांस विशेष लागू आहे, असे आम्हांस वाटते.

प्रथम या चाकूचे आणि लेखणीचे नाते सांगितले पाहिजे. आपले पूर्वज बोरूने मोडी लिहीत. बोरू काही तयार टोकासह मिळत नसे. तो तिरपा तासावा लागे, टोकाला बारीक चीर द्यावी लागे, आणि टोक बोथटले की पुन्हा तासावा लागे. ज्याचा चाकू बोथट त्याचे अक्षर जाड, हा कचेरीतला रोजचा अनुभव होता. विलायतेतही पिसाची लेखणी तासण्यासाठी जो लहान चाकू लागे, त्यालाच 'पेननाइफ' हे नाव पडले आणि लेखणी बदलल्यावरही ते टिकून राहिले. सारांश, कारकुनाच्या दौतीशेजारी चाकू असे, आणि त्याची धार कारकून स्वतः राखीत असे. लेखणी धरणाऱ्या हाताला हत्यार वर्ज्य आहे, ही समजूत जुनी नव्हे. ती मागाहून आलेली आहे.

घडीचा चाकू ही कल्पना तर फारच प्राचीन. ऑस्ट्रियातील हॉलश्टाट येथे हाडाच्या मुठीचा जो मिटता चाकू सापडला, तो इसवी सनापूर्वी सुमारे सहाशे ते पाचशे वर्षांचा मानला जातो. पुढे इंग्लंडातील शेफील्ड शहराने हा धंदा नावारूपास आणला आणि तिकडचे चाकू आपल्याकडील पेढ्यांवर व कचेऱ्यांत येऊन पोहोचले. परंतु याच इतिहासात मुंबईचाही एक धागा आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत असलेले डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांच्याकडे 'वुट्झ' नावाच्या भारतीय पोलादाचे नमुने पाठविले. जॉर्ज पिअर्सन यांनी त्यांची परीक्षा करून १७९५ साली सोसायटीपुढे निबंध मांडला. त्या निबंधात असा उल्लेख आहे की, स्टोडार्ट नावाच्या कारागिराने त्या पोलादाचा एक लहान पेननाइफ घडविला आणि त्याची धार उत्तमातील उत्तम पोलादी चाकूच्या तोडीची उतरली. दक्षिणेकडील भट्ट्यांत, ज्यांची नावेही कोणी लिहून ठेवली नाहीत अशा माणसांनी ते पोलाद केले होते. हा मुद्दा आपण ध्यानी ठेवावा; त्याकडे आम्ही शेवटी पुन्हा वळणार आहोत.

आता मुख्य विषयाकडे येऊ. जुन्या घरी पेटी उघडली की वाडवडिलांचा एखादा चाकू बहुधा निघतोच. पाते काळवंडलेले, उघडताना नख मोडेल इतके घट्ट किंवा उलट खिळखिळे, धार नाहीशी झालेली. हा आता टाकाऊ झाला, असे आपण म्हणतो. शंभरातील बहुसंख्य वेळी तो टाकाऊ नसतो. परंतु त्याला हात लावण्यापूर्वी त्याची रचना समजून घेतली पाहिजे.

साध्या घडीच्या चाकूचे भाग थोडेच. एक पाते, मुठीच्या आत दोन्ही बाजूंस पितळेचे किंवा लोखंडाचे पातळ पत्रे, त्यांवर बाहेरून बसविलेल्या शिंगाच्या, हाडाच्या किंवा लाकडाच्या दोन फळ्या, मुठीच्या पाठीशी एक पोलादी कमान, आणि हे सर्व एकत्र बांधून ठेवणाऱ्या रिव्हेटा. पाते ज्या रिव्हेटीभोवती फिरते ती सर्वांत महत्त्वाची. पात्याच्या मागील जाड भागाला आपण टाच म्हणू. कमान या टाचेवर सतत दाब देते. म्हणून पाते उघडले असता उघडे राहते आणि मिटले असता मिटलेले राहते. टाचेवर एक बारीक उंचवटा असतो. पाते मिटताना तो कमानीवर टेकतो आणि धार कमानीवर आपटत नाही. एवढे कळले की चाकूचे बहुतेक आजार आपोआप कळू लागतात.

पहिला नियम असा की, दुरुस्तीचा आरंभ नेहमी स्वच्छतेने करावा. पाते घट्ट आहे म्हणून तेथे पक्कड लावू नये. खिशातील धागे, धूळ आणि वाळलेले तेल यांचा लगदा खोबणीत बसलेला असतो. तो दात कोरण्याच्या काडीने उकरून काढावा. नंतर कोमट साबणपाण्यात बुडविलेल्या जुन्या दातांच्या ब्रशाने सांधा घासावा. मूठ शिंगाची, हाडाची वा लाकडाची असेल तर चाकू पाण्यात भिजत ठेवू नये; मूठ फुगते, वाकते आणि सुकताना तडकते. पाणी पूर्ण निपटून, पंख्याखाली नीट वाळवून, मग सांध्यात शिलाईयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडावा आणि पाते वीसपंचवीस वेळा सावकाश उघडमीट करावे. बाहेर येणारे काळे तेल फडक्याने टिपावे. पुन्हा थेंब, पुन्हा उघडमीट. तेल स्वच्छ निघू लागेपर्यंत हे चालू ठेवावे. घट्टपणाची पुष्कळशी तक्रार येथेच संपते.

तेलाविषयी एक सूचना. शेंगदाण्याचे किंवा करडईचे तेल सांध्यात घालू नये. ते काही काळाने चिकट होऊन धूळ धरते. चाकूने फळे कापावयाची असतील तर औषधाच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅराफिन वापरावे. ते चिकटत नाही आणि त्याची चवही लागत नाही.

दुसरा विषय गंजाचा. १९१३ साली शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली यांनी न गंजणारे पोलाद सिद्ध केले. त्यापूर्वीच्या आणि त्यानंतरच्याही पुष्कळ चाकूंची पाती साध्या कर्बयुक्त पोलादाची असतात. ओळखण्याची खूण सोपी आहे. कैरी किंवा लिंबू कापल्यावर जे पाते काळे पडते ते साधे पोलाद. हा काळा वा करडा थर दोष मानू नये. तो पात्याचे थोडेबहुत रक्षणच करतो. घालवावयाचा तो तांबूस, खडबडीत गंज. तेल लावून अर्धा दिवस ठेवावे आणि अतिशय बारीक पॉलिश कागदाने, पात्याच्या लांबीच्या दिशेने, हलक्या हाताने घासावे. तांब्यापितळेची भांडी चिंचेने उजळतात म्हणून पात्यालाही चिंच लावण्याचा मोह घरोघर होतो. तो टाळावा, आम्ल मागे राहिले की गंज दुप्पट जोमाने परततो. ज्या पात्यावर कारखान्याचे नाव कोरलेले आहे, तेथे तर घासणे कमीत कमी असावे. अक्षरे एकदा गेली की परत येत नाहीत.

तिसरा आजार म्हणजे पाते उजवीडावीकडे डुलणे. रिव्हेट सैल झाली, एवढाच त्याचा अर्थ. प्रथम धारेवर जाड फडके किंवा चिकटपट्टी गुंडाळावी आणि पाते अर्धे उघडे ठेवावे. एक जड हातोडा आडवा ठेवून त्याच्या सपाट पोलादी डोक्यावर रिव्हेटीचे एक टोक टेकवावे, आणि दुसऱ्या टोकावर लहान हातोडीने टिचकीएवढे ठोके द्यावे. चार ठोके झाले की थांबावे, पाते हलवून पाहावे, चाकू उलटावा आणि दुसऱ्या बाजूने तसेच करावे. जोराचा एक ठोका आणि हलके वीस ठोके यांचा परिणाम सारखा नाही. हलक्या ठोक्यांनी रिव्हेटीचे डोके पसरते. जोराच्या ठोक्याने ती वाकते, किंवा सांधा असा आवळला जातो की पाते हलतच नाही. याला उपाय म्हणून जाणती माणसे टाच आणि आतील पत्रा यांच्या फटीत तेलात भिजविलेल्या पातळ कागदाची पट्टी सरकवून मग ठोकतात. काम झाल्यावर कागद ओढून काढला की फिरण्यापुरती जागा शिल्लक राहते. पात्याजवळ मुठीला पितळेचे वा पोलादाचे टोपण असेल तरच हे काम घरी करावे. रिव्हेट थेट शिंगावर वा हाडावर बसलेली असेल तर ठोक्याने मूठ फुटण्याचे भय असते. तेथे हात आवरावा.

चौथा दोष जुन्या, फार वापरलेल्या चाकूंत दिसतो. वर्षानुवर्षे धार लावून पाते झिजते आणि मिटल्यावर त्याचे टोक मुठीबाहेर डोकावू लागते. असा चाकू खिशात ठेवणे धोक्याचे. पुष्कळजण टोक मोडून टाकतात. त्याची आवश्यकता नाही. टोकाजवळील पाठ, म्हणजे धारेची उलट बाजू, दगडावर थोडी थोडी घासून खाली उतरवावी. टोक आपसूक आत जाते. दुसरा मार्ग टाचेवरील त्या बारीक उंचवट्याला कानस लावण्याचा. त्याने पाते अधिक खोल मिटते, परंतु अति झाले तर धार कमानीवर आदळून बोथटते. म्हणून कानशीचे दोनच हात मारावे आणि पाहावे. धार कमानीला लागते की काय हे समजण्यासाठी कमानीच्या आतल्या बाजूस शाई लावून पाते मिटावे. धारेवर शाई उमटली तर मर्यादा झाली असे समजावे.

आता धारेविषयी. या कामी दगड हवा. आपल्याकडे त्याला निसणा हा जुना शब्द आहे. बाजारात एक बाजू जाड आणि एक बाजू बारीक असा कार्बोरंडमचा दगड मिळतो. घरास तो पुरेसा आहे. तो पाण्याने वापरावा किंवा तेलाने. एकदा तेल पाजलेला दगड पुन्हा पाणी घेत नाही. सर्व कसब कोन सांभाळण्यात आहे. चौकोनी कागदाचा कोपरा मधोमध दुमडला की ४५ अंशांचा कोन होतो, पुन्हा दुमडला की साडेबावीस अंशांचा. खिशातील चाकूला प्रत्येक बाजूने त्याहून किंचित कमी, म्हणजे वीस अंशांच्या आसपास कोन द्यावा. पाते १२ मिलिमीटर रुंद असेल तर त्याची पाठ दगडापासून सुमारे ४ मिलिमीटर उचललेली राहिली म्हणजे झाले. दगडाचा अगदी पातळ पापुद्रा काढावयाचा आहे अशा रीतीने, धार पुढे ठेवून, पाते मुळापासून टोकापर्यंत ओढावे. एकाच बाजूने करीत राहावे, तोवर दुसऱ्या बाजूस धारेच्या काठाने पोलादाची सूक्ष्म कड उमटेल. अंगठा पाठीकडून धारेकडे, आडवा आणि हलका नेला असता ती हाताला लागते. धारेच्या लांबीने बोट कदापि फिरवू नये. कड सर्व लांबीभर उमटली की बाजू बदलावी. मग बारीक दगडावर आळीपाळीने एकेक हात, आणि शेवटी जुन्या चामडी पट्ट्याच्या खरखरीत अंगावर, धार मागे ठेवून, दहापंधरा वेळा पुसल्यासारखे ओढावे. वर्तमानपत्राचा कागद एका हाताने धरून तो न फाटता कापला गेला, तर काम उत्तम झाले.

ही धार नुसत्या मौजेची नव्हे. कोकणात आंब्याचे कलम बांधणारास विचारावे. काप स्वच्छ असेल तर दोन्ही फांद्यांचे अंग एकमेकांना भिडून कलम जीव धरते. बोथट पात्याने साल चेचली गेली की ते सुकते. घरातही बोथट चाकूनेच हात अधिक कापले जातात, कारण त्याला जोर लावावा लागतो आणि जोर लावलेले पाते घसरते.

येथे एक इशारा फार महत्त्वाचा आहे. धार लवकर लागावी म्हणून विजेच्या वेगवान चाकावर पाते धरू नये. पोलादाला पाणी दिलेले असते; म्हणजे ते लाल तापवून एकदम थंड केलेले आणि नंतर ठिसूळपणा जावा म्हणून पुन्हा बेताने तापविलेले असते. हा दुसरा ताप साधारण २२० अंश सेल्सियसच्या सुमारास गेला की उघड्या पोलादावर फिकट पिवळी झाक येते. ३०० अंशांजवळ ते निळे होते. चाकावर पातळ धार क्षणात निळी पडते, आणि निळी पडलेली धार मऊ झाली असे समजावे. तिचे पाणी उतरले. मग तिला कितीही घासा, ती चार दिवसही टिकत नाही. पिढ्यांनी जपलेले पाणी एका क्षणाच्या घाईने उतरते, ही गोष्ट चाकूपुरतीच खरी आहे असे आम्हांस वाटत नाही.

मुठीला बारीक चीर गेली असेल तर ती कोरडी व निर्मळ करून दोन नळ्यांत मिळणारा एपॉक्सी डिंक काडीने भरावा आणि दोऱ्याने आवळून एक दिवस ठेवावे. डिंक सांध्यात उतरू नये म्हणून तेथे आधी मेणाचा बोळा दाबावा. आजोबांच्या चाकूची मूठ हस्तिदंती निघाली तर तो विकण्याचा विचार मनात आणू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने आणि त्याच्या पुढील दुरुस्त्यांनी हस्तिदंताच्या व्यापारास बंदी केली आहे. पावसाळ्यात चाकू चामड्याच्या म्यानात कोंडून ठेवू नये. चामडे ओल धरते. कोरड्या सुती फडक्यात तेलाचा हात देऊन ठेवावा.

आता घरी काय करू नये ते सांगून हा भाग आटोपतो. कमान मोडली असेल तर ती घरची दुरुस्ती नव्हे. रिव्हेटा काढून, नवी कमान घडवून, तिला पाणी देऊन पुन्हा बसविणे हे कसबी कारागिराचे काम आहे. तसेच स्वित्झर्लंडचे अनेक पात्यांचे जे तांबडे चाकू आता घरोघरी दिसतात, त्यांना हातोडी लावू नये. त्यांचे रोग बहुधा कोमट पाणी, ब्रश आणि तेलाचा एक थेंब यांनीच बरे होतात. काय करावे हे शिकण्याइतकेच कोठे थांबावे हे शिकणेही दुरुस्तीचाच भाग आहे.

बंधुभगिनींनो, एवढा सविस्तर तपशील सांगण्याचे कारण आता बोलतो. आपल्या समाजात कसबे जन्माने वाटली गेली. ज्यांच्या वाट्याला लेखणी आली त्यांनी ऐरण आणि कानस ही हलकी मानली. शस्त्रांना घासून झळाळी देणारा तो सैकलगर. या मूळ फारसी शब्दावरून आपला शिकलगार आला. पाठीवर बिऱ्हाड घेऊन गावोगाव विळे-कोयते घडविणारा तो घिसाडी. यांच्यावाचून आपली विळी चालली नाही, बोरू तासला गेला नाही, आणि तरीही पंक्तीला त्यांना आपण कधी बोलाविले नाही. लंडनच्या विद्वानांनी ज्या पोलादाची वाहवा केली, ते करणारांची नावे कोणत्याही दप्तरात नाहीत. कारण दप्तर आपल्यासारख्यांच्या हाती होते. ज्ञातीच्या व्यासपीठावरून ज्ञातीची थोरवी गाणे सोपे असते; ही बाकी मान्य करणे त्याहून अधिक उपयोगाचे आहे.

या वृत्तीचा तोटा केवळ त्यांनाच झाला असे नाही. जो हात दुरुस्ती करीत नाही त्याला वस्तूची किंमत कळत नाही, आणि वस्तू घडविणाऱ्या माणसाची तर मुळीच कळत नाही. एकदा आपण स्वतः तासभर बसून पात्याला कोन सांभाळून धार लावली, म्हणजे दारावर सायकलचे चाक फिरवून धार लावणाऱ्याशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालण्याची जीभ आपोआप आवरते. घरची दुरुस्ती कारागिराच्या पोटावर पाय आणते, असा एक आक्षेप घेतला जातो. आमचा अनुभव उलट आहे. ज्या घरी जुनी हत्यारे जपली जातात त्याच घरातून अवघड काम कारागिराकडे जाते. जेथे बोथट झाला की चाकू कचऱ्यात जातो, तेथून त्याच्याकडे काहीच जात नाही.

यास्तव आमची एक नम्र सूचना आहे. खंडेनवमीला आपण घरातील हत्यारे मांडून त्यांवर हळदकुंकू वाहतो. गंजलेल्या, बोथट पात्यावर फूल वाहण्यापेक्षा आदल्या रविवारी घरातील मुलामुलींना, दोघांनाही, जवळ बसवावे आणि चाकू, कात्री, विळी, अडकित्ता स्वच्छ करून, तेल देऊन, धार लावून मग पूजेत ठेवावी. लहानांनी तेलपाणी पाहावे, जाणत्यांनी दगड धरावा. आणि संघाच्या वसतिगृहात पुस्तकांच्या कपाटाशेजारी एक लहान पेटी असावी: एक दगड, एक कानस, एक हातोडी, तेलाची बुधली आणि फडकी. खर्च फार नाही. त्या पेटीचा उपयोग शिकविण्यासाठी एखाद्या वृद्ध कारागिरास वर्षातून एकदा मानाने बोलवावे, त्याला योग्य मानधन द्यावे आणि त्याचे नाव या स्मरणिकेत इतर पाहुण्यांच्या बरोबरीने छापावे.